पोटाचं माप

बायकांचे कपडे शिवणाऱ्याला गोड बातमी घरच्यांच्याही आधी कळते, असं मास्तर गमतीने म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. कमरेभोवती टेप फिरवली की गेल्या खेपेचा आकडा आणि या खेपेचा आकडा यांच्यातलं अंतर त्याच्याशी बोलायचं. समोरची बाई "हल्ली खाणं वाढलंय हो" म्हणून सारवासारव करायची. मास्तर मान हलवायचा आणि शिवणीच्या आत दोन इंच कापड जास्त ठेवायचा. या आत ठेवलेल्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. तीन महिन्यांनी तीच बाई ड्रेस उसवून सैल करायला आणायची, तेव्हा तो नुसता गालातल्या गालात हसायचा.

स्वतःच्या घरातली बातमी मात्र त्याला टेपेने सांगितली नाही. ती फोनवर कळली, तीही दुकानात गिऱ्हाईक उभं असताना.

"अहो, कात्री हातात आहे का?" बायकोने तिकडून विचारलं.

"आहे. का?"

"मग आधी खाली ठेवा."

त्याने कात्री खाली ठेवली. तिने सांगितलं. मग तो बराच वेळ "हो, हो" एवढंच म्हणत राहिला, आणि गिऱ्हाईक बाई कंटाळून "मी उद्या येते" म्हणून निघून गेली.

बायकोला परदेशात जाऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. ती दातांच्या कवळ्या बनवायची. मास्तरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या खोलीत ती साचे ओतत, मेण कोरत, एकेक दात बसवत असायची. एकदा फाटलेला ॲप्रन दुरुस्त करायला खाली आली आणि जाता जाता म्हणाली, "तुमचा हा खिसा पाव इंच तिरका आहे." मास्तरने मोजून बघितलं. तिरका होता. वर्षभराने लग्न झालं. मास्तरच्या आईची कवळीही तिनेच केली, आणि ती इतकी चपखल बसली की म्हातारी शेजारपाजाऱ्यांना तोंड उघडून दाखवायची.

लग्नानंतरही ती संध्याकाळी पुस्तकं घेऊन बसायची. पाच वर्षं परीक्षा देत देत तिने बाहेरच्या देशातली नोकरी मिळवली, एका मोठ्या प्रयोगशाळेत. अट अशी, की पहिलं वर्ष एकटीने काढायचं. वर्ष भरलं की नवऱ्याला बोलावता येईल. मधेच सोडून आली तर परवाना रद्द. "एक वर्ष काय, असं जाईल," म्हणत मास्तरने तिच्या बॅगेला आतून चोरकप्पा शिवून दिला आणि हसत निरोप दिला. बाळ तेव्हाच पोटात होतं. दोघांनाही पत्ता नव्हता.

"परत ये," बातमी कळली त्या दिवशी मास्तर म्हणाला.

ती मग म्हणाली, "पाच वर्षं अभ्यास केलाय मी."

"अगं, पण एकटी कशी..."

"दवाखाना जवळ आहे. काम बसून करायचं आहे. आणि तुम्ही येणारच आहात ना वर्ष भरलं की? मला उद्या सांगा. नीट विचार करून सांगा."

मास्तरने विचार केला, म्हणजे दिवसभर एकच बाही तीनदा जोडली आणि तीनदा उसवली. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून "राहा" म्हणून सांगितलं. आपण चांगलं वागलो असं त्याला वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र घर खायला उठलं.

मूल होणार असलेल्या बाईभोवती माणसं जमतात. मूल होणार असलेल्या पुरुषाला कोण विचारतो? त्यातून ज्याच्या घरात ते पोटच दिसत नाही, त्याला तर कोणीच नाही. गल्लीतले लोक विचारायचे, "वहिनी कधी येणार?" तो सांगायचा, "आता मीच जाणार." ते म्हणायचे, "वा!" आणि पुढे जायचे. त्याला सांगावंसं वाटायचं, की अहो, आज तिला सकाळपासून उलट्या झाल्या, आज तिला नुसता भात गेला, आज डॉक्टरांनी ठोके ऐकवले. पण रस्त्यात उभं राहून असं कसं सांगणार? तो घरी येऊन आईला सांगायचा. आई म्हणायची, "होतं तसं," आणि स्वतःच्या तीन बाळंतपणांच्या गोष्टी काढायची. मग त्याचं बाळ पुन्हा बाजूला राहायचं.

पहिल्या तपासणीचा फोटो तिने पाठवला, तेव्हा करड्या धुक्यात एक काळा ठिपका होता. मास्तरने फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

"टाचणीच्या डोक्याएवढं आहे गं."

"मग टाचणीच म्हणू," ती म्हणाली.

तेव्हापासून बाळाचं नाव टाचणी पडलं.

तिचं घड्याळ त्याच्यापेक्षा साडेचार तास मागे होतं. तो सकाळी दुकान उघडायचा तेव्हा ती उठायची, आणि तो चहा घ्यायचा तेव्हा ती दुपारचा डबा उघडायची. रोजचं बोलणं तेवढ्या डब्यापुरतंच. तिथल्या साहेबाने तिला उग्र वासाच्या रसायनांपासून दूर साच्यांच्या टेबलावर बसवलं होतं. ती तिच्या राहण्याच्या जागेबद्दल सांगायची. दोन खोल्या होत्या, एक तिची आणि एक शहराची बस चालवणाऱ्या एका बाईची. ती ड्रायव्हरबाई आपल्याच भाषेतली निघाली, वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. "त्या घरातही हॉर्न वाजवल्यासारख्या बोलतात," बायको हसून सांगायची. मास्तरही हसायचा. फोनवर त्याला तिच्या खोलीची एकच भिंत दिसायची. फिकट हिरवी, त्यावर खिळा, खिळ्याला दिनदर्शिका. त्या भिंतीवरचा एकेक पोपडा त्याला तोंडपाठ झाला होता.

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "एकही ड्रेस होत नाही आता. इथले विकतचे ड्रेस खांद्यावर बसत नाहीत."

मास्तर ताडकन सरळ झाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याजोगं काम निघालं होतं!

"टेप आहे का तुझ्याकडे?"

"शिंप्याची बायको आहे मी. असणार नाही का?"

मग रविवार ठरला. दर रविवारी, तिच्याकडे दुपारचे बारा आणि त्याच्याकडे साडेचार वाजता, ती आरशापुढे उभी राहायची, ड्रायव्हरबाई फोन धरायची, आणि मास्तर इकडून ओरडायचा, "मागे टेप खाली गेलीये, वर घे! श्वास धरू नको. पोट आत ओढू नको गं, लपवायचंय कोणापासून?" ती आकडा वाचायची. तिचा आकडा कधी साधा नसायचा. केसाएवढा फरक असला तर कवळी टोचते, त्यामुळे ती सवय हाडात मुरलेली. "एकतीस आणि दोन रेघा." "तेहतीसला एक रेघ कमी." मास्तर तो आकडा पाठीमागच्या फळीवर खडूने लिहायचा. दुकानात येणाऱ्या बायकांना वाटायचं कुणाची तरी तातडीची शिलाई आहे.

त्याने तिला दोन ड्रेस शिवले. मऊ सुती कापडाचे, पुढून उघडणारे, आणि पोटावर चुण्यांच्या दोन ओळी. प्रत्येक ओळ त्याने लाल दोऱ्याने कच्ची घातली. सोबत चिठ्ठी लिहिली: "चौतिसाला पहिला लाल दोरा उसवणे. छत्तिसाला दुसरा. ओढू नये, कात्रीने कापावा." पार्सलला अठरा दिवस लागले. ड्रेस तिच्या अंगात दिसला त्या रविवारी मास्तर आईला हाताला धरून फोनपुढे घेऊन आला. "बघ, खांदा बघ. समोर उभी न करता शिवलाय." आई म्हणाली, "सुनेकडे बघू दे मला, खांदा काय बघू?"

बाविसाव्या आठवड्यात पहिला लाल दोरा उसवला. त्याच आठवड्यात, डबा खाता खाता, बायको आनंदाने म्हणाली, "अहो, काल टाचणीने काय केलं सांगू? ड्रायव्हरबाईंनी पोटावर हात ठेवला, आणि अशी लाथ मारली, अशी लाथ मारली! त्या घाबरल्याच. म्हणाल्या, ही पुढे बसच चालवणार."

"अरे वा," मास्तर म्हणाला. "लाथ मारली?"

"चांगली जोरात."

"वा वा."

फोन ठेवून तो मशीनवर बसला. पायाखाली पायटा होता, सुईखाली कापड होतं, पण पाय काही हलेना. ज्या बाईला त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, तिच्या तळहाताला त्याच्या लेकराचा पाय लागला होता. त्याचा स्वतःचा हात मात्र इथे एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या बाहीवर पडला होता. त्यात त्या बाईचा काय दोष? काहीच नाही. हे कळत असूनही तो संध्याकाळपर्यंत तिच्यावर मनातल्या मनात धुसफुसत राहिला, आणि घरी गेल्यावर जेवलाही नाही.

पुढचे काही रविवार बायको म्हणाली, फोन धरायला ड्रायव्हरबाई घरी नाही, हल्ली रविवारीही तिला बस असते, मी आधीच मोजून ठेवलंय. आकडे यायचे. साडेपस्तीस. छत्तीस. साडेछत्तीस. मास्तर खडूने लिहायचा. फळीवर आकडे एकाखाली एक चढत होते. बघून बरं वाटायचं, पण कुठेतरी मनाला टोचायचंही. काय टोचतंय ते त्याला कळत नव्हतं.

सदतीसचा आकडा आला त्या रविवारी तिने फोन कपाटावर टेकवून ठेवला होता. ती खुर्चीत बसून बोलत होती. बोलता बोलता खिडकी वाऱ्याने आपटली म्हणून लावायला उठली. उठली, दोन पावलं गेली, परत बसली. एवढंच. पण मास्तरचे डोळे शिंप्याचे.

"जरा परत उभी राहा."

"का हो?"

"राहा तर खरी."

"दमलेय मी आज."

"दुसरा दोरा उसवला का?"

"हो. छत्तीसला म्हणाला होतात ना? मागेच उसवला."

"मग आत्ता मला लाल कसं दिसलं?"

तिने दोन्ही हात पोटावर घेतले. मास्तरने मान वळवून फळीकडे पाहिलं, आणि इतके दिवस काय टोचत होतं ते त्याला एकदम कळलं. साडेपस्तीस, छत्तीस, साडेछत्तीस, सदतीस. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही. असे फक्त पट्टीवरचे आकडे वाढतात. माणसाचं अंग असं वाढत नाही.

"खरा आकडा सांग."

"पस्तीस," ती म्हणाली. "पस्तीसला एक रेघ कमी."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. वाढतंय हो, पण जेवढं वाढायला हवं तेवढं नाही. पाणी कमी आहे म्हणतात. आठवड्यातून दोनदा बोलावतात. उद्यापासून चार दिवस ठेवून घेणार आहेत, नजरेखाली असावं म्हणून."

"आणि मला पत्ता नाही!"

"तुम्हाला सांगून काय झालं असतं? तिथून तुम्ही काय करणार होता? मशीनवर बसून रडला असता."

"रडलो असतो!" मास्तर ओरडला. "निदान खरं कळून रडलो असतो. इथे मी आकडे लिहितोय आणि खुश होतोय, वेड्यासारखा. तुझ्या त्या ड्रायव्हरबाईला माहीत असेल ना सगळं?"

"त्याच नेतात मला दवाखान्यात."

त्याने फोन बंद केला.

आणि दोन दिवस केला नाही. तिचे आले, ते उचलले नाहीत. पुढे आयुष्यभर मास्तरला ज्या गोष्टीची लाज वाटली ती हीच. रागाच्या भरात त्याने ओल्या फडक्याने फळी पुसून टाकली. गिऱ्हाइकांवर खेकसला. आईने पहिला दिवस सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"कोणावर रागावलायस?"

"तुला काय माहीत आई, तिने तीन आठवडे खोटं सांगितलं."

"माहीत आहे. काल मला फोन आला होता तिचा. मी उचलला. तुझ्यासारखी नाही मी." म्हातारीने कप त्याच्याजवळ सरकवला. "पोटात पोर घेऊन दर रविवारी हसत हसत खोटं बोलायचं. किती जड गेलं असेल रे तिला."

"तू तिचीच बाजू घेणार. दात तिने दिलेत ना."

"दात नसतानाही हेच बोलले असते, फक्त तुला कळलं नसतं."

त्याला हसू आलं नाही. पण तो दुकानात न जाता तिथेच बसून राहिला, आणि तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मास्तर का? मी बस चालवते ती," पलीकडून खणखणीत आवाज आला. "माझी सुटायची वेळ झालीये, दोन मिनिटंच बोलते. तुमचा राग मला कळतो. मला कोणी असं सांगितलं असतं तर मीही फोडून काढलं असतं. पण ती तिकडे पोटाला पट्टे लावून पडलीये आणि फोन उशाशी घेऊन बसलीये. मी जाते, पाणी देते, केस विंचरते. माझ्याशी ती बोलत नाही हो. दाराकडे बघते. आता मी काही तुम्ही नाही ना? करा फोन."

"ताई," तो कसाबसा म्हणाला. "तुमचे फार उपकार..."

"ते नंतर. बस निघाली माझी."

त्याने फोन केला. पलीकडे पहाट होती. पहिल्याच घंटेला तिने उचलला. मागे यंत्रातून टाचणीचे ठोके ऐकू येत होते, कोणीतरी घाईघाईने पायटा मारावा तसे. मास्तर जिवाचा कान करून ऐकत बसला. शेवटी तीच म्हणाली, "चहा घेतला का?"

"गार झाला," तो म्हणाला. "जे असेल ते सांगत जा मला. वाईट असलं तरी."

"सांगते. तुम्ही असा फोन बंद करायचा नाही."

"नाही करणार."

पुढचे पाच आठवडे दोघांनी हा शब्द पाळला, आणि ते पाच आठवडे फार कठीण गेले. आता खरं कळायचं, आणि खरं दर वेळी चांगलं नसायचं. "आज शंभर ग्रॅम वाढली." "आज काहीच नाही." "आज ठोके मधेच मंदावले होते, मग ठीक झाले." तो ऐकायचा, "बरं" म्हणायचा, आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून आत नुसता बसून राहायचा. जाता येईल का म्हणून तो परवान्याच्या कचेरीत दोनदा गेला. खिडकीतल्या माणसाने दोन्ही वेळा कागद नीट वाचले आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं: तिचं वर्ष भरू द्या. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या खेपेला तर त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण नियम तो नियम.

चौतिसाव्या आठवड्यात, एका दुपारी, मास्तर एका बाईच्या खांद्यावर ड्रेस लावून टाचण्या टोचत होता. तोंडात चार टाचण्या होत्या. फोन वाजला. नंबर ड्रायव्हरबाईचा.

"मुलगी," ती म्हणाली. आज तिचा आवाज हॉर्नसारखा नव्हता. "ऑपरेशन करावं लागलं, एकदम ठरलं. आई ठीक आहे. पोरगी दीड किलोच्या थोडी वर आहे, काचेच्या पेटीत ठेवलीये. रडली, मास्तर. मी ऐकलं."

मास्तरने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या उशीवर टोचल्या. मग समोरच्या बाईला म्हणाला, "मला मुलगी झाली," आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. ती बाई अर्धवट टाचलेल्या ड्रेसमध्येच पाणी शोधायला धावली.

त्याने लेक पहिल्यांदा पाहिली ती फोनच्या पडद्यावर, आणि पडद्याच्या आत आणखी एक काच. नाकात नळी, छातीवर तारा, आणि पाय इतके बारीक की मोज्यांऐवजी शिंप्याची बोटांवरची टोपणं घालावीत. बायको चाकाच्या खुर्चीत बसली होती. "हात घालता येतो आतमध्ये," ती म्हणाली. तिने बाजूच्या गोल भोकातून हात आत घातला आणि बोट पुढे केलं. टाचणीने ते धरलं. मास्तर बघत राहिला.

"कसं लागतं?" त्याने विचारलं.

ती विचार करून म्हणाली, "गरम. आणि धरतेय म्हणावं तर धरत नाहीये, पण सोडतही नाहीये."

त्याने ते वाक्य दिवसभर मनात घोळवलं.

दवाखान्यातले कपडे बाळाला फार ढगळ होत होते. नर्स म्हणाली, घरून आणले तर चालतील. बटण नको, नाडी नको, पुढून पूर्ण उघडे, तारा जायला बाजूला फट. बायकोने माप पाठवलं. या वेळी आकड्यांत रेघाच रेघा होत्या. छातीचा आकडा पाहून मास्तरने आधी बाहुलीचा विचार केला, मग बाहुलीही मोठी वाटली. वीस वर्षं तो मशीनवर बसत होता, पण एवढा गळा त्याने कधी कापला नव्हता. मशीनच्या दातऱ्यांत ते कापड नुसतं गिळलं जायचं. शेवटी आई आणि तो दोघं दाराशी उजेडात बसले आणि सहा अंगडी हाताने शिवली. आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो ओवून द्यायचा. टाके मात्र म्हातारीचेच जास्त सरळ. शिवण बाळाला टोचू नये म्हणून सगळी बाहेरच्या बाजूला घेतली. या वेळी मास्तरने माया सोडली नाही. कुठे सोडणार? जागाच नव्हती.

पार्सल गेलं आणि मास्तर दिवस मोजू लागला. रोजच्या बातम्या येत होत्या. नळी निघाली. चमच्याने दूध गेलं. वजन वाढलं. पुन्हा थोडं कमी झालं. पुन्हा वाढलं. एकोणिसाव्या दिवशी बायकोचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते आधी कळेना.

"पार्सल मिळालं."

"मग? घातलं?"

"होत नाहीये."

"म्हणजे?"

"लहान झालं हो! बाहीत हातच जात नाही. एवढी वाढली ही."

आपण शिवलेला कपडा बसला नाही म्हणून आनंदाने उड्या मारणारा शिंपी त्या गल्लीने त्याच दिवशी पाहिला. मास्तरने शेजारच्या सगळ्या दुकानांत जाऊन सांगितलं, "लहान झालं! सहाच्या सहा लहान झाली!" लोकांना काही कळलं नाही. पण पहिल्यांदाच त्यांनी त्याला थांबवून विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याने रस्त्यात उभं राहून सगळं सांगितलं. मिठाई आणायला विसरला म्हणून पानवाल्याने स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

पाच आठवड्यांनी टाचणी दवाखान्यातून त्या हिरव्या भिंतीच्या खोलीत आली. पण वर्ष भरायला अजून जवळजवळ चार महिने होते. मास्तरने ते काढले. ते कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. सकाळी फोन, दुपारी फोन, मधे शिवण. पडद्यावर पोरगी रोज थोडी थोडी वेगळी व्हायची. तो "ए टाचणी, ए बाबा बघ" म्हणायचा, ती फोनच्या कडेला बघायची. मग वर्ष भरलं, कागद आले, आई त्याच्या थोरल्या बहिणीकडे गेली, दुकानाला कुलूप लागलं, आणि मास्तर विमानात बसला.

टाचणीला सर्दी झाली होती म्हणून त्याला न्यायला कोणी येऊ शकलं नाही. कागदावर लिहिलेला पत्ता हातात धरून त्याने दोन बस बदलल्या, जिने चढला आणि दार वाजवलं. दार बायकोने उघडलं. तिने केस अगदी कानापर्यंत कापले होते. पडद्यावर ती नेहमी केस मागे घेऊन बसायची, त्यामुळे त्याला कधी समजलंच नव्हतं. दोघं क्षणभर दारातच उभे राहिले, नवख्यासारखे.

"दमलात?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, हो."

खोलीत पाऊल टाकल्यावर त्याला ती हिरवी भिंत ओळखीची वाटली. बाकीच्या तीन भिंती त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. एकीवर ओल चढून काळी नक्षी झाली होती. कोपऱ्यात टेकायची काठी होती, ऑपरेशननंतर वापरलेली. खिडकीला काच होती, काचेची फट कागदाने बुजवली होती. खुर्चीचा एक पाय विटेवर. वर्षभर ती त्याच्याशी हसत बोलली ती या तीन भिंतींकडे तोंड करून. मास्तरने बॅग खाली ठेवली.

"घ्या ना तिला," बायको म्हणाली.

त्याने हात पुढे केले. पाच महिन्यांची टाचणी त्याच्याकडे बघत राहिली, एक, दोन, तीन, आणि मग तिने असा टाहो फोडला की पलीकडच्या खोलीतून ड्रायव्हरबाई धावत आली. ती आल्याबरोबर पोरगी तिच्याकडे झेपावली आणि शांत झाली. ड्रायव्हरबाई ओशाळली. "होईल सवय," ती हळू आवाजात म्हणाली. मास्तरने तिला वाकून नमस्कार केला. तिला काय करावं कळेना, एका हाताने पोर सावरत ती नुसती "अहो, अहो" म्हणत राहिली.

बायकोची बाळंतपणाची रजा संपली होती, दुसऱ्याच दिवशी तिला कामावर जायचं होतं. सकाळी सात वाजता तिने दुधाच्या बाटल्या, औषधाची वेळ, झोपवण्याची युक्ती, सगळं दोनदा सांगितलं. ड्रायव्हरबाईची बस त्याआधीच निघाली होती. दार बंद झालं. त्या परक्या शहरात, जिथे रस्त्यावरच्या पाट्याही त्याला वाचता येत नव्हत्या, मास्तर आणि त्याची लेक असे दोघंच उरले.

ती रडली. तासभर रडली. दूध घेईना, खांद्यावर राहीना. त्याने खुळखुळा वाजवला, आईच्या आवाजात बोलून पाहिलं, खिडकीशी नेऊन खालच्या गाड्या दाखवल्या. शेजारून कोणीतरी भिंतीवर दोनदा ठोकलं. त्याला घाम फुटला. मग तो तिला छातीशी धरून त्या खोलीत फेऱ्या मारू लागला, खुर्चीपासून दारापर्यंत सहा पावलं, दारापासून खिडकीपर्यंत चार. रडणं मुसमुसण्यावर आलं. मुसमुसणं थांबलं. तिचं डोकं त्याच्या गळ्याशी जड झालं. शर्ट तिच्या लाळेने भिजला होता. श्वास गरम होता.

बसावं तर ती उठेल. तो खिडकीशी थांबला. खाली माणसं कामाला निघाली होती, कोणीच वर बघत नव्हतं. खिशातला फोन थरथरला. त्याने कसाबसा एका हाताने काढून कानाला लावला.

"काय करतेय?" बायकोने विचारलं. मागे प्रयोगशाळेतल्या घासायच्या यंत्राची घरघर होती.

"झोपलीये," तो कुजबुजला.

"खरं सांगताय ना?"

"खरं. पण तासभर रडली. दूध अर्धंच घेतलं. शेजाऱ्यांनी भिंत बडवली."

ती पलीकडे हसली. "आणि तुम्ही?"

"मी उभा आहे," मास्तर म्हणाला.